आईचं सूप, मी जुनं केलेलं

माझ्या फोनात माणसांपेक्षा भिंतींचे फोटो जास्त आहेत, आणि त्या सगळ्या भिंती दुसऱ्यांच्या. कुणाच्या हॉलमधले पडदे, कुणाच्या जिन्याखालचा कोनाडा, कॅम्पातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या. त्या खुर्च्यांचा फोटो मी फाटकाबाहेर उभं राहून काढला, तेव्हा आतला कुत्रा माझ्यावर भुंकत होता. लग्नाला गेले की मी आधी स्टेज बघते, मग नवरा-नवरी. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बाकीचे लग्नाला आहेर घेऊन जातात, तू घेऊन येतेस.

मी बेळगावात मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. त्यामुळे चांगली आवड असणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, असं लोक समजतात आणि मीही समजू देते. स्टाफरूममध्ये कुणाचा नवा फ्लॅट झाला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की चहाचा कप घेऊन ती माझ्या टेबलाशी येते. बाई, हॉलला कुठला रंग? बाई, हळदीला काहीतरी वेगळं सुचवा. मी थोडा वेळ गप्प बसते आणि मग दोन वाक्यांत सांगते. मी मितभाषी आहे, विचार करून बोलते, असं माझ्याबद्दल म्हणतात. खरी गोष्ट अशी की कमी बोललं की कमी लपवावं लागतं. आता पन्नाशी उलटल्यावर ते लपवणंही जड व्हायला लागलं आहे, म्हणून लिहिते आहे.

आम्ही मूळचे निपाणीचे. माझी आई विड्या वळायची. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात उजेडाला ती बसलेली, मांडीवर सूप. सुपात ओलवून कापलेली पानं, एका बाजूला तंबाखूची ढिगोळी, दोऱ्याचं रीळ. तिचे हात चालत असायचे आणि तोंडही. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाची ती खबर घ्यायची, पण विडी कमी-जास्त जाडीची कधी व्हायची नाही. मी शेजारी बसून दोरा बांधायचे आणि पाढे म्हणायचे. पाढा चुकला की ती न बघता मला कोपरानं ढोसायची. माझं सगळं शिक्षण त्या सुपातून झालं, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. कॉलेजात कुणी विचारलं, आई काय करायच्या, तर मी सांगायचे, आई घरीच असायची. त्यात खोटं काही नव्हतं. असं अर्धं बोलण्यात मी फार तरबेज आहे.

आम्ही बेळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली. विड्या केव्हाच सुटल्या होत्या. सामान म्हणजे एक ट्रंक, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते सूप. तांबूस-काळं पडलेलं, शेणानं आणि कागदाच्या लगद्यानं किती वेळा सारवलेलं, आणि तंबाखूचा वास असा मुरलेला की हॉलमध्ये ठेवलं तर स्वयंपाकघरात कळावं. आई ते मांडीवर घेऊन बाल्कनीत बसायची आणि तांदूळ निवडायची, मेथी निवडायची. निवडायला काही नसलं तरी ते मांडीवर असायचं.

मी तो हॉल सहा महिने खपून सजवला होता. फिकट राखाडी भिंत, एकच मोठं चित्र, कोपऱ्यात पितळी समई. कॉलेजच्या सगळ्या जणी घर बघायला येणार होत्या. आई आठवड्यासाठी निपाणीला गेली होती. सूप बाल्कनीच्या खिळ्याला टांगलेलं होतं. मी ते काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि सकाळी खाली जाऊन कचरागाडीत टाकलं. पिशवीतून कड बाहेर आली होती, ती मी हातानं दाबली. हे मला नीट आठवतं.

मैत्रिणी आल्या, घर बघून गेल्या. कितीतरी फोटो काढले.

आई परत आली, बाल्कनीत गेली, आणि तिथूनच विचारलं, माझं सूप कुठं दिसंना? मी तयारच होते. म्हटलं, त्याला वाळवी लागली होती आई, टाकावं लागलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग बाल्कनीच्या कठड्यावरून खाली बघितलं, जमीन किती लांब आहे ते.

"तिसऱ्या मजल्यावर?" ती म्हणाली. "लई जिनं चढली म्हनायची."

एवढंच. पुढे त्या सुपाचा विषय तिनं काढला नाही. पण त्यानंतर घरात काही सापडेनासं झालं, तिचा चष्मा, माझ्या नवऱ्याचा मोजा, टीव्हीचा रिमोट, की ती शांतपणे म्हणायची, वाळवीनं न्हेला आसंल. नवरा हसायचा, मुलगी हसायची. त्यांना वाटायचं आजीची ही एक गंमत आहे. मीही हसायचे, आणि मला समजायचं नाही की तिला माहीत आहे, की नुसता संशय आहे, की खरंच गंमत आहे. इतकी वर्षं मी तिच्याशी प्रेमानंच वागले, औषधं वेळेवर दिली, चांगल्या साड्या आणल्या. पण मी काही सांगितलं की ती जरा थांबून "बरं" म्हणायची, तो थांबलेला क्षण मला दरवेळी ऐकू यायचा.

मग यंदा मुलीचं लग्न ठरलं.

मुलीनं आधीच सांगून टाकलं की स्टेज तिच्या मनासारखं होणार, कारण गृहविज्ञानाच्या बाईंच्या घरात राहून तिनं आयुष्यभर मनाविरुद्धच्या उशा सहन केल्या आहेत. डेकोरेटर म्हणून आला तो तिशीतला, बोलण्यात तरबेज. त्याच्या वडिलांचा मंडप-भांड्यांचा धंदा. यानं नाव बदलून डेकोर केलं आणि टॅब घेतला. टॅबवर त्यानं आम्हाला राजवाडे दाखवले, झुंबरं दाखवली, एक मोर दाखवला जो स्टेजभर पसरतो. आमच्यात लग्नाला वर-वधू पांढऱ्यात, वंदना, पंचशील, साधा विधी. मोराचं काय करायचं? तो लगेच म्हणाला, मोरबी पांढरा करून देतो मॅडम.

शेवटी त्यानं टॅबवर एक फोटो उघडला. पांढऱ्या कापडाची भिंत, आणि तिच्यावर लहानमोठी बांबूची सुपं लावलेली, अंतरं ठेवून. फक्त सुपं आणि वरून पडलेला उजेड. सुंदर होतं. खोटं कशाला बोलू, मला ते बघताक्षणी आवडलं, माझ्या फोनात असलं एकही नव्हतं.

"रस्टिक थीम हाय ही," तो म्हणाला.

मुलीनं त्याला विचारलं, रस्टिक म्हणजे नक्की काय?

"गावाकडलं, मॅडम. पन धुतलेलं."

मुलगी हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. आणि हसता हसता एकदम थांबून म्हणाली, मम्मी, आज्जीचं सूप. लहानपणी बाल्कनीत होतं ना? ते मध्ये लावायचं. आज्जीला सांगायचं नाही, तिला तिथंच दाखवायचं. कुठंय ते?

मी म्हटलं, माळ्यावर असेल.

अशी आमच्या घराची परिस्थिती झाली. एकाच फ्लॅटमध्ये, आईच्या लेखी ते सूप वाळवीनं खाल्लेलं होतं आणि मुलीच्या लेखी माळ्यावर सुखरूप होतं. त्यात मुलगी आजीला विचारणार नाही, कारण तिला तो धक्का द्यायचा होता. धक्का बसणार होता हे नक्की, कुणाला ते फक्त मला माहीत होतं.

त्या वेळी मी सांगू शकत होते. लेकीला बाजूला घेऊन दोन वाक्यं. दोन वाक्यांत सांगणं हीच तर माझी ख्याती. त्याऐवजी मी बाजारात गेले.

बुरुडाच्या दुकानात एक म्हातारी बसली होती. सूप पाहिजे म्हटल्यावर तिनं विचारलं, पाखडायला का डेकोरेशनला? हल्ली दोन वेगळी ठेवते म्हणाली, डेकोरेशनचं हलकं, वीण विरळ. त्यातून दाणं गळत्यात, पण फोटोत दिसत नाही. मी पाखडायचं घेतलं. निदान एवढ्यात तरी खरेपणा ठेवला.

आई तेव्हा पत्रिका द्यायला पुन्हा निपाणीला गेली होती, आणि मुलगी ऑफिसला. मी मोठ्या पातेल्यात चहाची पूड उकळली, बाथरूममधल्या टबात ओतली आणि सूप त्यात बुडवलं. नवं लाकूड जुनं दाखवायला चहाचं पाणी, हे मी वर्गात शिकवते, परीक्षेत पाच गुणांना येतं. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यातून दुपारी जेवायला आला, बाथरूममध्ये डोकावला.

"एवढा चहा," तो म्हणाला. "मला सकाळी अर्धा कप मिळाला."

त्याला सगळं सांगावं लागलं. त्यानं ऐकून घेतलं, जेवला, आणि संध्याकाळी कारखान्यातून दोन तऱ्हेचे पॉलिश पेपर आणून टेबलावर ठेवले. एक जाडसर, एक बारीक. तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी दोन दिवस गच्चीवर बसून सूप घासलं. फोनमध्ये जुन्या सुपांचे फोटो शोधले आणि त्याबरहुकूम पुढची उघडी कड झिजवली, जिथून धान्य पाखडताना घासतं. दिव्याची काजळी चोळली, राख चोळली, पुन्हा चहा. मुलीला दाखवलं तेव्हा तिनं ते छातीशी धरलं. डेकोरेटरनं उलटंपालटं करून बघितलं आणि हळूच विचारलं, असलं अँटिक आणखी धा पीस मिळंल का मॅडम, रेट तुम्ही म्हणाल तो.

लग्नाच्या आदल्या दुपारी हॉलवर सजावट चालू होती. मुलीनं आईला आणलं. पांढरं कापड लागलं होतं, सुपं चढत होती, आणि मधोमध ते. मुलगी आजीचे खांदे धरून उभी राहिली आणि म्हणाली, बघ.

आई बघत राहिली. मी स्टेजच्या पायरीशी होते. माझ्या हातात टाचण्यांची डबी होती, ती मी उघडत-मिटत होते.

"ते काढ रं खाली," आईनं डेकोरेटरला सांगितलं.

"बसवलंय आज्जी, आता कशाला?"

"काढ म्हनत्ये न्हवं."

त्यानं काढून दिलं. आई खुर्चीवर बसली आणि सूप मांडीवर घेतलं. तिचे हात आपोआप जागेवर गेले, डावा आत, उजवा कडेला. मग तिनं ते उचलून नाकाशी नेलं. मग बोट फिरवलं, आधी पुढच्या कडेवरून, जी मी दोन दिवस झिजवली होती, मग मागच्या उभ्या कडेवरून. तिथं ते नवंकोरं होतं. तिथं मी हातही लावला नव्हता.

विडी वळणाऱ्या बाईचं सूप पाखडायला नसतं. ते मांडीवर पडून असतं आणि पोटाला टेकतं. त्याची मागची कड झिजते, लुगड्याला घासून घासून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पंधरा-सोळा वर्षं मी त्या कडेशेजारी बसून पाढे म्हटले होते. पण सूप करताना मी फोनमध्ये बघितलं, दुसऱ्यांची सुपं.

"आज्जी, तुझंच ना गं?" मुलीनं विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. तो नेहमीचा, थांबलेला क्षण.

"माजंच म्हनायचं," ती म्हणाली. "लेकीनं दिलंय म्हंजे माजंच."

तिनं मला सोडवलं होतं. डेकोरेटरनं सूप घ्यायला हात पुढे केला, मुलगी फोन काढायला लागली. मी गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं, आणि आईनं पुढची किती वर्षं मला "बरं" म्हटलं असतं कोण जाणे. ते मला सहन होईना. मी पायरीवरूनच म्हटलं, ते तिचं नाही. तिचं मी टाकलं. वाळवी नव्हती लागली. कॉलेजच्या बाया येणार होत्या म्हणून कचरागाडीत टाकलं, आणि हे बाजारातून आणून चहात बुडवलं.

डेकोरेटर शिडीवर चढून गेला. तिथं त्याला काही काम नव्हतं. मुलीचा फोन हातात तसाच राहिला. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, उद्या हिचं लग्न आहे आणि आज ही मला पहिल्यांदा बघते आहे.

"ठावं हाय मला," आई म्हणाली.

कसं, हे मी विचारलं का आठवत नाही. तिनं आपणहूनच सांगितलं. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या बायकोनं ते त्या सकाळी गाडीतून काढून घेतलं होतं, चांगलं सूप वाया जातंय म्हणून. आई निपाणीहून आली त्याच दिवशी तिनं ते दाखवलं, तुमच्याकडचं का म्हणून विचारलं. ती त्यात जोंधळे पाखडत होती. आई म्हणाली, ठेव तुलाच. दुपारी कधी खाली गेली की आई तिच्या खोलीच्या दारात बसायची आणि थोडा वेळ मांडीवर घ्यायची. एवढ्या वर्षांत मला हे कळलं नाही. मी दुपारी कॉलेजात सजावट शिकवत असायचे.

मुलगी निघालीच. मी आत्ता जाऊन ते घेऊन येते, म्हणाली.

"बस खाली," आई म्हणाली. "ती रोज वापरती ते. तिच्या हातातलं काढून आनून भिताडाला टांगनार व्हय गं?"

मुलगी बसली. मी जवळ गेले. विचारायचं धैर्य नव्हतं, तरी विचारलं, तू मला बोलली का नाहीस?

आईनं सुपावरची काजळी पदरानं पुसायला घेतली. "एवढी शिकलेली पोरगी खोटं बोलती, म्हंजे तिला कायतरी लई टोचत आसंल, आसं म्हटलं. म्हटलं सांगंल कवातरी." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "इच्यारलं आसतंस तर मीच टाकलं आसतं की गं. सूप टाकल्याचं काय न्हाय. माजं हाय, तर मला इच्यारायचं."

मी तिथंच खाली बसले. आई मला जवळ घेईल असं मला वाटलं असावं, कारण तिनं ते सूप माझ्या मांडीवर आदळलं तेव्हा मी दचकले.

"पालिश पेपर आनलाईस का?"

आणला होता. पिशवीत बारीकवाला होता, कुठं काही राहिलं तर म्हणून.

"घास मग. मागली कड. हितं न्हवं, हितं, पोटाशी येती ती. उद्या निपाणीच्या बायका येनार, एकीला तरी ह्ये खरं वाटंल का? नाक कापशील माजं."

मी घासायला लागले. बाजूला नव्या साड्यांची बॅग, वर डेकोरेटर शिडीवर अडकलेला, मुलगी गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली. तिचा राग गेला नव्हता, पण तिनं न सांगता सूप दुसऱ्या बाजूनं घट्ट धरलं, हलू नये म्हणून. दर थोड्या वेळानं आई अंगठा फिरवून बघायची आणि म्हणायची, आनि घास. माझी बोटं हुळहुळली. आनि. डेकोरेटर अखेर खाली उतरला आणि म्हणाला, आज्जी, झालं की आता, किती घासायचं? आई म्हणाली, तीस वर्षं घासलंय मी, हिचं अजून अर्धा तासबी झालं न्हाय.

दुसऱ्या दिवशी लग्न नीट पार पडलं. निपाणीच्या बायकांनी सूप बघितलं, एकमेकींना खुणावलं, एकीनं हात लावून मागची कड तपासलीसुद्धा. आई पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसली होती, आणि कुणी विचारलं तर म्हणत होती, लेकीनं घासलंया. जुनं आहे की नवं, ते सांगत नव्हती.

लग्न होऊन आता महिना झाला. बाकीची सुपं डेकोरेटर घेऊन गेला. हे त्यानं पुन्हा मागितलं, पण आईनं दिलं नाही. डेकोरेशन झालं, आता कामाला लावायचं म्हणाली. परवा कॉलेजातल्या एक बाई पडद्यांचा रंग विचारायला घरी आल्या. आई हॉलमध्ये सोफ्याशी खाली बसली होती, मांडीवर सूप, समोर मेथीच्या पेंड्या. एरवी मी पाहुणे यायच्या आधी तिला बाल्कनीत बसवायचे, ऊन चांगलं आहे म्हणून.

बाईंनी सूप ओळखलं. लग्नातलं ते, नाही का? केवढं जुनं असेल, म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही, यंदाचंच आहे. जुनं होतं ते मी टाकलं. आई निपाणीत विड्या वळायची, त्या कामातलं होतं."

बाई एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघायला लागल्या. आईनं मान वर केली नाही. मेथीची एक जुडी सोडली, पानं खुडायला घेतली आणि त्यांना म्हणाली, "पाय जरा तिकडं घ्या बाई, देठं पडत्यात."